कुत्रा कोणाचा?

सन १८४६ च्या सप्टेंबर महिन्याची पहिली तारीख. लंडन शहरातील व्हिअर स्ट्रीटवर दोघी बहिणी खरेदी आटोपून आपल्या गाडीत बसत होत्या. त्यांपैकी थोरली म्हणजे एलिझाबेथ बॅरेट, त्या काळची विख्यात कवयित्री. प्रकृती नाजूक असल्यामुळे विंपोल स्ट्रीटवरील वडिलांच्या घरातील एका खोलीत तिची कित्येक वर्षे गेली होती, आणि त्या वर्षांतील तिचा अष्टौप्रहरचा सोबती म्हणजे फ्लश नावाचा तांबूस केसांचा एक स्पॅनिअल कुत्रा. मेरी मिटफर्ड या लेखिकेने तो १८४१ साली तिला भेट दिला होता. त्या दिवशी फ्लश तिच्या पायांशी होता. ती गाडीत चढली, वळून पाहते तो फ्लश नाही.

घरातील मंडळींना दुःख झाले, पण आश्चर्य वाटले नाही. कारण फ्लश चोरीस जाण्याची ही तिसरी खेप होती. कुत्रा कोणी नेला असेल, तो कोठे ठेवला असेल, आणि तो परत मिळविण्यासाठी कोणाकडे निरोप पाठवावयाचा, हे सारे घरात ठाऊक होते. टोळीच्या नायकाचे नाव टेलर. तो शोरडिच भागात उघडपणे राहत असे. सहा गिनी दिल्यास कुत्रा परत, असा त्याचा भाव ठरला. वडिलांचे मत, एक पैही द्यावयाची नाही. ज्याच्याशी तिचे गुप्तपणे लग्न ठरले होते त्या रॉबर्ट ब्राउनिंगचेही मत तेच. चोराला पैसे देणे म्हणजे चोरीचा धंदा वाढविणे, असे त्याने तिला पत्राने बजाविले. तिने उलट विचारले की उद्या इटलीतील दरोडेखोरांनी मला पळवून नेले तर तेव्हाही तुम्ही हेच तत्त्वज्ञान सांगणार काय? आणि जी स्त्री एरवी जिना उतरताना दमत असे, ती मोलकरणीला बरोबर घेऊन भाड्याच्या गाडीतून थेट टेलरच्या दारी गेली. पुढे टेलर पैसे नेण्यासाठी घरी आला असता तिच्या एका भावाने त्याला चोर व लबाड म्हणून हाकलले. तो शपथा घेत निघून गेला. दुसऱ्या भावाने मध्यस्थी केली, खंडणी पोचली आणि फ्लश घरी आला. बारा सप्टेंबरला एलिझाबेथने गुपचूप विवाह केला आणि एकोणीस तारखेस ती पतीबरोबर इटलीस निघाली तेव्हा फ्लशही तिच्याबरोबर होता.

या प्रेमकथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. व्हर्जिनिया वुल्फने तर १९३३ साली फ्लशचेच एक चरित्र प्रसिद्ध केले. परंतु कथेतील टेलरकडे इतिहासाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही, आणि पाहण्याजोगा आहे तो टेलरच. राजधानीच्या शहरात, पोलीसदल स्थापन होऊन सतरा वर्षे लोटल्यावर, एक मनुष्य चोरीचा माल घरी ठेवतो, मालकाच्या दारी येऊन त्याचा मोबदला मागतो आणि त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. हे घडले कसे?

याचे उत्तर इंग्लंडच्या जुन्या कायद्यात सापडते. त्या कायद्याच्या मते घोडा, गाय, मेंढी ही मालमत्ता. ती नेणे म्हणजे चोरी, आणि एके काळी त्या चोरीस फाशीची शिक्षा होती. कुत्र्याची गोष्ट निराळी. कुत्रा खाण्याच्या उपयोगाचा नाही, केवळ हौसेसाठी पाळलेला हलक्या प्रतीचा जीव. सबब त्याला पळविणे ही खऱ्या अर्थाने चोरी होत नाही, असे विधिपंडित मानीत. ब्लॅकस्टोनसारख्या मोठ्या भाष्यकाराने १७६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात हाच सिद्धांत नमूद केला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने कुत्रे पळविणारांना शिक्षा ठेवणारा एक स्वतंत्र कायदा केला खरा, पण मूळ विचार बदलला नाही. परिणामी मोठी विचित्र परिस्थिती निर्माण झाली. कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा चोरणारा खरा चोर ठरे. पट्ट्यासकट कुत्रा नेणारा हुशार भामटा पट्टा तेवढा काढून टाकी आणि मोठ्या गुन्ह्यातून सुटे. त्यातच कुत्रा ‘सापडला’ असे सांगितले की नेणाराचा गुन्हा सिद्ध करणे दुरापास्त.

या फटीतून एक पूर्ण व्यवसाय उभा राहिला. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या श्रमिकांची व गरिबांची जी प्रचंड पाहणी केली तीत या व्यवसायाचे वर्णन आले आहे. चोर बहुधा जोडीने हिंडत. घर हेरले जाई, कुत्र्याच्या फिरण्याच्या वेळा टिपल्या जात आणि मग त्याच्या नाकासमोरून शिजविलेल्या काळजाचा तुकडा नेला जाई. मराठीत ज्या शब्दांनी आपण जिवाभावाच्या पोराला संबोधितो तेच शब्द येथे आमिषाला लागू पडावेत, हा भाषेचा एक क्रूर योगायोग म्हणावयाचा. काळजाचा तुकडा देऊन काळजाचा तुकडा नेण्याचाच तो उद्योग होता. कुत्रा हाती आला की दोन-चार दिवस जाऊ द्यावयाचे, म्हणजे मालकाची तळमळ पुरेशी वाढते. नंतर एक तिसराच गृहस्थ दारी येई. आपल्याला चोरीशी काही कर्तव्य नाही, पण कुत्रा कोठे आहे याचा तपास लावता येईल, असे तो मोठ्या सौजन्याने सांगे. अशांना ‘परत मिळवून देणारे’ असे नाव होते.

या मंडळींचा उपद्रव खानदानी घराण्यांना भोवू लागला तेव्हा पार्लमेंट जागे झाले. १८४४ साली लंडनमधील कुत्र्यांच्या चोरीची चौकशी करण्यासाठी खास समिती नेमली गेली आणि १८४५ साली कायदा झाला. कुत्रा पळविणारास सहा महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास त्याहून अधिक. तथापि या कायद्यातील खरे मार्मिक कलम वेगळेच होते. चोरलेला कुत्रा परत मिळवून देण्याबद्दल लबाडीने पैसे घेणे हाही स्वतंत्र अपराध ठरविण्यात आला. म्हणजे नेणाराइतकाच परत आणणाराही कायद्याच्या नजरेखाली आला. कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी फ्लश तिसऱ्यांदा गेला, यावरून कायद्याचा धाक किती होता हे दिसतेच. आणि इतके होऊनही ‘कुत्रा ही चोरी होण्याजोगी वस्तू नव्हे’ ही जुनी समजूत इंग्रजी कायद्यातून पुरती गेली ती १९६८ साली.

याबाबतीत हिंदुस्थानचा कायदा इंग्लंडच्या शंभर वर्षे पुढे होता. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील मंडळाने ज्याचा मसुदा केला आणि जो १८६० साली संमत झाला त्या भारतीय दंड संहितेने कोणतीही जंगम वस्तू चोरीचा विषय ठरविली. एवढेच नव्हे, तर कलम ३७८ खाली चोरीची व्याख्या विशद करताना दिलेल्या दुसऱ्याच उदाहरणात कुत्राच घेतला आहे. ‘अ’ हा आपल्या खिशात कुत्र्यांसाठी आमिष ठेवतो आणि ‘य’ चा कुत्रा त्याच्या मागे जाऊ लागतो. ‘अ’ चा हेतू अप्रामाणिक असेल तर कुत्रा त्याच्या मागे निघताक्षणीच चोरी पूर्ण झाली. लंडनच्या गल्लीतील काळजाचा तुकडा असा हिंदुस्थानच्या कायद्यात येऊन बसला! जुनी संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी हे उदाहरण नव्या संहितेतही कायम आहे.

कुत्र्याची किंमत केवळ मालकाच्या मायेमुळे वाढते असे नाही. सरकारनेही ती वाढविता येते, आणि याचा अनुभव मुंबईने १८३२ सालीच घेतला होता. रस्त्यांवरील मोकाट कुत्रे मारण्यासाठी तेथे दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलेले होते. आठ आणे ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. बक्षिसाच्या आशेने पोलिसांचे शिपाई रस्त्यावरचे कुत्रे सोडून घरांच्या ओट्यांवरील व आवारांतील कुत्रे धरू लागले, कारण माणसाळलेला कुत्रा धरणे सोपे. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृत्यूनंतरच्या विधीत त्याची आवश्यकता असते. त्या वर्षीच्या सहा जून रोजी कोट भागात दंगा उसळला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडले आणि लष्कराला पाचारण करावे लागले. मुंबईच्या इतिहासात हा प्रसंग कुत्र्यांचा दंगा म्हणून नोंदलेला आहे. धार्मिक भावनेची बाजू त्यात मोठी होती यात शंका नाही. पण त्याच्या मुळाशी असलेली साधी गोष्ट दृष्टीआड होऊ नये. धरणाराला नगावर पैसे मिळू लागले की कुत्रा कोणाचा हे विचारण्याची त्याला गरज उरत नाही.

ज्या १८६० साली दंड संहिता संमत झाली त्याच साली लंडनच्या हॉलोवे भागात मेरी टील्बी नावाच्या स्त्रीने हरवलेल्या व भुकेल्या कुत्र्यांसाठी एक आश्रयगृह उघडले. वृत्तपत्रांनी तिची यथेच्छ थट्टा केली. माणसे उपाशी असताना कुत्र्यांना घरे कसली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. संस्था टिकली, १८७१ साली बॅटर्सी येथे गेली आणि आजही तेथे आहे. या संस्थेच्या जन्माबरोबर एक नवाच पेच उत्पन्न झाला. बाहेरून पाहणाराला टेलरचे घर आणि टील्बीबाईंचे घर यांत फरक कोणता दिसणार? दोन्ही ठिकाणी हरवलेला कुत्रा आत घेतला जातो, काही दिवस सांभाळला जातो आणि मागणी करणाराच्या हवाली केला जातो. फरक आहे तो एकाच बाबतीत. आश्रयगृहाने मागणाराला विचारले पाहिजे की हा कुत्रा तुमचा कशावरून? हा प्रश्न नीट विचारला गेला नाही तर चोराला भिंत चढण्याचे कारण नाही. तो दिवसाढवळ्या पुढच्या दाराने येईल, कुत्र्याला लाडाने हाक मारील, आणि भुकेला, घाबरलेला कुत्रा त्याच्याकडे शेपटी हालवीत जाईलही. कारण लाडाने हाक मारणारा दुसरा कोणी त्याला चार दिवसांत भेटलेला नसतो.

आश्रयगृहाची ही अडचण त्याच्या हेतूतूनच निर्माण झालेली आहे. तुरुंगासारखे दार बंद ठेवावे तर मालकाला आपला कुत्रा शोधता येणार नाही, कोणी नवा पालकही मिळणार नाही. दार उघडे ठेवावे तर पाहणारांत चोरही आला. रात्री राखण ठेवावी तर पैसा नाही. अशा बहुतेक संस्था देणग्यांवर आणि हौशी सेवकांवर चालतात. म्हणून या संस्थांच्या सुरक्षिततेचा इतिहास कुलपांपेक्षा मुदतींचा आणि नोंदवह्यांचा अधिक आहे. लंडनच्या पोलिसांनी रस्त्यावर धरलेला कुत्रा निदान तीन दिवस ठेवला पाहिजे असे १८६७ च्या कायद्याने ठरविले. १९०६ च्या कायद्याने ती मुदत सात दिवस केली, आणि त्याबरोबरच असा धरलेला कुत्रा प्रयोगासाठी चिरफाड करण्याकरिता देता किंवा विकता कामा नये असे स्पष्टपणे सांगितले.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या माणसाला हा विचार नवा वाटण्याचे कारण नाही. कोंडवाडा त्याने पाहिलेला असतो. गुरांच्या अतिक्रमणासंबंधीचा १८७१ चा कायदा काढून पाहिला तर कोंडवाड्याच्या भिंती किती उंच असाव्यात याबद्दल त्यात काही नाही. परंतु कोंडवाडेवाल्याने जनावराचे वर्णन, ते आणल्याचा दिवस व वेळ, आणणाराचे नाव व ठिकाण हे सारे वहीत लिहावे, असा दंडक आहे. सात दिवसांत मालक आला नाही तर जाहीर नोटीस, आणि त्यानंतरही कोणी आले नाही तरच लिलाव. आणि त्या लिलावात कोंडवाडेवाल्याने किंवा पोलीस अंमलदाराने स्वतः अगर दुसऱ्याच्या नावाने बोली बोलू नये, असाही निर्बंध आहे. हे शेवटचे कलम लिहिणारा माणूस जग पाहिलेला असावा. ज्याच्या हाती किल्ली, त्यालाच मालाचा लोभ सुटू शकतो हे त्याने ओळखले होते.

नेमके हेच ओळखण्यात अमेरिकेला फार उशीर झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे वैद्यकीय संशोधनाचा विलक्षण विस्तार झाला. हृदयाच्या शस्त्रक्रिया, नवी औषधे, नवी यंत्रे, या सर्वांच्या चाचण्यांसाठी कुत्रे हवे होते आणि तेही मोठ्या संख्येने. मग काही राज्यांनी सोपा मार्ग काढला. न्यूयॉर्क राज्याने १९५२ साली असा कायदा केला की सार्वजनिक पैसा घेणाऱ्या कोंडवाड्यांनी व आश्रयगृहांनी त्यांच्याकडील मागणी न झालेली जनावरे प्रयोगशाळांनी मागितल्यास त्यांच्या हवाली करावीत. ज्या घरी कुत्रा वाचावा म्हणून लोक नेऊन सोडत, त्या घराचे मागचे दार प्रयोगशाळेत उघडू लागले. १९०६ साली इंग्लंडने जे निषिद्ध मानले तेच येथे कर्तव्य ठरले! हा कायदा १९७९ सालापर्यंत टिकला.

शिवाय कोंडवाडे व प्रयोगशाळा यांच्यामध्ये दलालांचा एक वर्ग उभा राहिला. गावोगावचे लहान गोळा करणारे कुत्रे आणीत, ते मोठ्या व्यापाऱ्याला विकले जात, आणि व्यापारी ते ट्रकांत भरून दूरच्या राज्यांत पाठवी. कुत्रा कोंडवाड्यातून आला, लिलावातून आला, ‘चांगल्या घरी फुकट द्यावयाचा आहे’ अशी जाहिरात पाहून कोणी मायाळू चेहऱ्याने मागून आणला, की एखाद्याच्या अंगणातून उचलला, हे दोन हात बदलल्यावर सांगणे कोणालाच शक्य नसे, आणि बहुधा कोणी विचारीतही नसे.

१९६५ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका शेतावरून पेपर नावाची डाल्मेशियन जातीची कुत्री नाहीशी झाली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असणारी ही जात. हजारांत उठून दिसणारी. घरचा कर्ता त्या वेळी आजारी होऊन रुग्णालयात पडला होता. तेथे वर्तमानपत्र चाळताना त्याला एक छायाचित्र दिसले. दाटीवाटीने जनावरे भरल्याबद्दल अडविलेल्या एका ट्रकातून कुत्रे व शेळ्या उतरविल्या जात होत्या, आणि त्यांतील ठिपक्यांची कुत्री त्याला पेपरसारखी वाटली. तपास सुरू झाला. कुत्रे न्यूयॉर्क राज्यातील हाय फॉल्स येथील एका व्यापाऱ्याकडे गेल्याचे कळले. घरातील माणसे तेथवर गेली; व्यापाऱ्याने त्यांना आवारात पाऊल टाकू दिले नाही. त्या भागाचे काँग्रेसचे प्रतिनिधी जोसेफ रेस्निक यांनी मध्यस्थी केली. त्यांनाही दाद मिळाली नाही. अखेर शोध लागला तो न्यूयॉर्क शहरातील एका रुग्णालयात. पेपरचा तेथे हृदयाची गती राखणाऱ्या यंत्राच्या प्रयोगात अंत झाला होता आणि शरीर जाळून टाकलेले होते.

या प्रकरणात कोणी खलनायक शोधू लागला तर त्याची निराशा होते. ज्या यंत्राच्या प्रयोगात पेपर मेली त्या प्रकारच्या यंत्रावर पुढे असंख्य माणसे जगली, आणि तिला टेबलावर घेणाऱ्या डॉक्टरांना ती कोणाची लाडकी होती याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. साखळीतील प्रत्येकाजवळ पावती होती. मात्र पहिली पावती कोणी कोणाला दिली हे त्या कागदांवरून कळत नव्हते. व्यापारी बेदरकार होता हे खरे. पण त्याला आवाराचे दार बंद ठेवण्याचा अधिकार कायद्यानेच दिला होता. संतप्त रेस्निक यांनी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये विधेयक मांडले. संशोधनसंस्थांचा विरोध मोठा होता, आणि विधेयक कदाचित फायलीतच राहिले असते. परंतु १९६६ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ’ साप्ताहिकाने मेरीलँडमधील एका कुत्र्यांच्या व्यापाऱ्यावर पडलेल्या धाडीची छायाचित्रे छापली. बरगड्या मोजाव्यात असे ते कुत्रे पाहून देश हादरला. काँग्रेसच्या सभासदांवर पत्रांचा पाऊस पडला, आणि २४ ऑगस्ट १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली.

आज या कायद्याकडे प्राणिमात्रांच्या कल्याणाचा कायदा म्हणून पाहिले जाते, आणि पुढे तो तसा झालाही. पण त्याचा जन्म कुत्र्यांच्या चोरीतून झालेला आहे, आणि त्याच्या आरंभीच्या तरतुदी पाहिल्या तर १८७१ च्या कोंडवाड्याचीच आठवण होते. व्यापाऱ्याने परवाना घ्यावा, प्रत्येक कुत्र्याला ओळखीची खूण लावावी, कोणाकडून घेतला व कोणाला दिला याची वही ठेवावी, आणि विकत घेतलेला कुत्रा कामकाजाचे पाच दिवस आपल्याजवळ ठेवल्याखेरीज पुढे विकू नये. व्यापाऱ्यांचा धंदा तरीही कित्येक वर्षे चालू राहिला. तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने अशा दलालांकडून आणलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांना अनुदान देणे बंद केले ते २०१४ साली, म्हणजे पेपरनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

मधल्या काळात कुत्र्याच्या कातडीखाली बसविण्याचा तांदळाएवढा क्रमांकाचा तुकडा निघाला. इंग्लंडमध्ये तो २०१६ पासून सक्तीचा आहे, आणि २०२४ च्या कायद्याने तेथे कुत्रा किंवा मांजर पळविणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. टेलरच्या वारसांची पंचाईत झाली खरी. मात्र तो तुकडा आपण होऊन काही बोलत नाही. आश्रयगृहाच्या दाराशी कोणी यंत्र धरून तो वाचला पाहिजे, आणि मालकाने घर बदलले तेव्हा नवा पत्ता कळविलेला असला पाहिजे.

राहता राहिले ते खुद्द आश्रयगृहाचे दार. १९६६ च्या कायद्याने व्यापाऱ्याला बांधले होते. कोंडवाडे व आश्रयगृहे त्याच्या कक्षेबाहेर होती. कुत्रा सकाळी आत आला आणि दुपारी दलालाच्या ट्रकात चढला, तर त्याला आडकाठी नव्हती. ही उणीव अमेरिकन काँग्रेसने १९९० साली भरून काढली. दलालाला विकण्यापूर्वी आश्रयगृहाने कुत्रा किंवा मांजर निदान पाच दिवस सांभाळले पाहिजे, म्हणजे मूळ मालकाला ते परत नेता येईल अथवा कोणी दत्तक घेईल, असे त्या कायद्याने सांगितले. त्याखालील नियमांत आणखी एक बारीकशी अट आहे. त्या पाच दिवसांत एक शनिवार आलाच पाहिजे. सोमवार ते शुक्रवार कामावर जाणाऱ्या माणसाला आपला हरवलेला कुत्रा शोधण्यासाठी सवड मिळते ती शनिवारी.